इस्फहानमधली चार वर्षं

पार्सिपनी, ९ फेब्रुवारी २००३

उपासना,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस तरी बाजूला ठेवशील, हे मला माहीत आहे. ठेव. फोन तू उचलत नाहीस आणि प्रितमच्या ईमेलमधून निरोप पाठवायला मला बरं वाटत नाही, म्हणून कागद घेतला.

सव्वा वर्ष झालं. नागपूरहून माई गेल्याचा फोन आला तेव्हा तू मला म्हणालीस, "माझी आई गेली." माझी सख्खी धाकटी बहीण गेली होती. रडायचं सोडून मी तुला विचारलं, "मग मी कोण?" तू फोन ठेवलास. मला उत्तर नकोच होतं. तुला दुखवायचं होतं, आणि ते जमलं. त्याबद्दल मी माफी मागते. ती आधीच मागायला हवी होती.

पत्र लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. प्रितमच्या ऑफिसात बेहरूझ नावाचा एक इराणी माणूस आहे. त्याची आई इथंच जवळ नर्सिंग होममध्ये असते. परवा जेवताना प्रितम सहज सांगत होता, की त्या बाईंना स्ट्रोक आला आणि इंग्लिश पार पुसलं गेलं. फक्त फारशी भाषा उरली. तिथं कुणाला ती येत नाही. बाई जेवत नाहीत, गोळ्या घेत नाहीत, दारापर्यंत जाऊन उभ्या राहतात.

मी विचारलं, "गाव कुठलं त्यांचं?"

"इस्फहान का काय. का गं?"

मी म्हटलं, "मला घेऊन चल. मला येते ती भाषा."

प्रितम म्हणाला, "आई, सीरियसली? तू आम्हाला कधी बोलली नाहीस!"

खरंच बोलले नव्हते. 'आई इराणला होती' एवढंच तुम्हा दोघांना माहीत. १९७५ ते ७९. तुम्ही नागपूरला माईकडे आणि मी तिथल्या दवाखान्यात नर्स. त्या चार वर्षांबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असं जणू ठरूनच गेलं होतं. ते मीच ठरवलं होतं.

तुझी आई

*

पार्सिपनी, २ मार्च २००३

उपासना,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी लिहिते.

गेले तीन आठवडे मी त्या बाईंकडे जाते. परवीन खानुम त्यांचं नाव. खानुम म्हणजे आपल्याकडे बाई म्हणतात तसं. वय ब्याऐंशी. पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी फारशीत विचारलं, "परवीन खानुम, कुठं दुखतंय?" त्यांनी मान वळवली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्या साडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढा उशीर का केलास?" मग सूप प्यायल्या. सगळं.

भाषा चोवीस वर्षं कुठं होती कोण जाणे, पण जिभेवर आली. तशी ती आपल्याला फार लांबची नाहीच. मी पहिल्यांदा इस्फहानच्या वॉर्डात उभी राहिले तेव्हा मला वाटलं होतं, आता मुक्यासारखे दिवस काढायचे. आणि डॉक्टर पेशंटच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले, "जख्म." जखम! मला हसू आलं. दरवाजा, दीवार, पर्दा, बाजार, सगळं ओळखीचं. फक्त 'खूप'नं घात केला. त्यांच्यात खूब म्हणजे छान. ऑपरेशन झालेल्या एका म्हातारीबद्दल मी काळजीनं सांगत होते, "दर्द खूप, खूप," आणि डॉक्टर खूश होऊन पुढं निघाले. अर्ध्या वॉर्डानं मला महिनाभर चिडवलं.

परवीन खानुमना रोज मैदानात जायचं असतं. मैदान म्हणजे इस्फहानचा मोठा चौक. एवढा मोठा, की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाची माणसं अंगठ्याएवढी दिसतात. चारी बाजूंनी दुमजली कमानी. मधोमध पाणी. एका बाजूला बादशहाचा 'आली कापू' नावाचा महाल, त्याच्यासमोर फिकट सायीच्या रंगाच्या घुमटाची छोटी मशीद, दक्षिणेला निळी मोठी मशीद आणि उत्तरेला बाजाराचा दरवाजा. त्या दरवाज्याच्या आतच खानुमच्या नवऱ्याचं दुकान होतं, लाकडी ठशांनी छापलेल्या कापडाचं. बेहरूझनं सांगितलं. मी त्या गल्लीतून सुट्टीचे किती शुक्रवार गेले असेन! त्यांच्या दुकानासमोर थांबलेही असेन. आता कोण सांगणार?

तर मी काय करते, त्यांचा हात धरते आणि आम्ही कॉरिडॉरमधून निघतो. जेवणाच्या हॉलपासून फिजिओथेरपीच्या खोलीपर्यंत. मी सांगत जाते, "हा दरवाजा आला. आता आत अंधार आहे, वरच्या झरोक्यातून उजेड पडलाय तिथं पाय टाका. डावीकडे तांबटांची गल्ली." त्या कानावर हात ठेवतात, कारण तांबटांच्या हातोड्यांचा आवाज त्यांना सोसत नाही. मग म्हणतात, "बाजूला हो, गाढव येतंय," आणि समोरून औषधांची ट्रॉली येते. आम्ही खरंच बाजूला होतो.

तिथली एक नर्स मला म्हणाली, "तुम्ही त्यांना काय सांगता? परत येतात तेव्हा दमलेल्या असतात, पण झोप छान लागते." मी काय सांगणार? म्हटलं, आम्ही बाजारात जाऊन येतो.

आई

*

पार्सिपनी, २३ मार्च २००३

उपासना,

लढाई सुरू झाली. नर्सिंग होमच्या हॉलमध्ये दिवसभर टीव्हीवर बगदाद. काल एका मदतनीस मुलीनं मला हळूच विचारलं, "या तिकडच्याच का?" मी म्हटलं, "नाही गं, शेजारच्या." तिनं मान हलवली, पण खानुमना चमच्यानं दही भरवताना तिचा हात जरा घाईत होता. मी चमचा माझ्याकडे घेतला.

प्रितमकडून एक कळलं. रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. लहूला सिएटलचं काम मिळालंय, तुझ्या नव्या प्रोजेक्टमध्ये प्रवास आहे, आणि तुम्ही मैत्रीला जूनमध्ये नागपूरला तिच्या आजीकडे, लहूच्या आईकडे ठेवायचं म्हणताय. दोन वर्षांसाठी.

अडीच वर्षांची आहे ती. मी तिला एकदाच पाहिलंय, तीन महिन्यांची असताना.

हे ऐकल्यापासून मी चार पत्रं फाडली. तुला 'पाठवू नकोस' म्हणण्याचा हक्क या जगात कुणाला नसेल तर तो मला. लहूच्या आई चांगल्या आहेत, तिला जिवापाड सांभाळतील, यात मला शंका नाही. माईनंही तुम्हाला तसंच सांभाळलं.

मी एवढंच विचारते, की मी येऊ का तुमच्याकडे प्लेनोला? मी छप्पन्न वर्षांची आहे, गुडघे ठीक आहेत, बाळाचा ताप बघता येतो, वरणभात करता येतो. तुझ्याशी बोलणार नाही, तू म्हणशील तर. एक खोली पुरे. तू प्रवासाला गेलीस की मी आहे, तू आलीस की मी माझ्या खोलीत.

विचार कर.

आई

*

पार्सिपनी, ६ एप्रिल २००३

उपासना,

प्रितमनं तुझी ईमेल वाचून दाखवली. "आईला सांग, गरज नाही." बिचाऱ्यानं पुढं स्वतःच्या मनानं 'थँक्स' जोडलं. मला कळलं ते.

ठीक आहे. आता मी जे लिहिणार आहे ते मैत्रीसाठी नाही आणि प्लेनोला येण्यासाठीही नाही. ते तुझं देणं लागते म्हणून लिहिते.

मंगळवारी परवीन खानुम खिडकीपाशी बसल्या होत्या. डोकं अगदी स्वच्छ होतं त्या दिवशी. मला म्हणाल्या, "बच्चे दारी?" मुलं आहेत का तुला?

मी म्हटलं, "आहेत. दोन."

"कुठं आहेत?"

त्यांच्या डोक्यात कुठलं साल चाललं होतं मला माहीत नाही, पण मी उत्तर दिलं ते सत्त्याहत्तरचं. म्हटलं, "हिंदुस्थानात. माझ्या बहिणीकडे."

मग अगदी साधेपणानं, जसं कुणी घड्याळात किती वाजले विचारावं तसं, म्हणाल्या, "मग तू इथं काय करतेस?"

उपासना, हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. सगळे उत्तर धरूनच चालायचे. नवरा गेला, दोन लेकरं पदरात, बाई परदेशी नोकरीला गेली, काय करणार बिचारी. मीही तेच उत्तर वापरलं. त्या दिवशी मात्र मी खानुमना खरं सांगितलं. फारशीत सोपं गेलं. आता मराठीत सांगते.

माझा दोन वर्षांचा करार सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये संपला. तेहरान-मुंबई तिकीट हातात होतं. मी तुम्हाला कळवलं होतं की दवाखाना रजा देत नाही, अजून दोन वर्षं काढावी लागतील. ते खोटं होतं. मला कुणी अडवलं नव्हतं. मी आपण होऊन नवीन करारावर सही केली.

का केली ते सांगते. नागपूरच्या ज्या दवाखान्यात मी आधी होते तिथं नर्सेसच्या खोलीत माठ होता, आणि माझ्यासाठी खिडकीत वेगळा पेला. कुणी काही म्हणत नसे. फक्त पेला वेगळा. नवी सिस्टर आली की पहिल्या तासात तिला माझं आडनाव सांगितलेलं असायचं. तू लहान होतीस, मी तुला हे कधी सांगितलं नाही. छप्पन्न साली दीक्षाभूमीवर मी माझ्या वडिलांच्या खांद्यावर होते. आपण आता मान खाली घालायची नाही हे मला दहाव्या वर्षी कळलं होतं. पण रोज आठ तास मान वर ठेवायलाही दम लागतो गं.

इस्फहानात कुणाला रामटेके म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. 'हिंदी', म्हणजे हिंदुस्थानातली का, एवढंच विचारायचे, आणि एकाच समोवारातला, चहाच्या बंबातला, चहा, एकाच तबकातल्या पेल्यांतून, सगळ्यांना. पहिले सहा महिने मी प्रत्येक पेला उचलताना आजूबाजूला बघायची. नंतर बघायचं विसरले. विसरले हे ज्या दिवशी लक्षात आलं त्या दिवशी मी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडले.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी मी मैदानात गेले, माईसाठी छापील चादर घ्यायला. चादर घेतली, मग निळ्या मशिदीत गेले. मोठ्या घुमटाच्या बरोबर खाली फरशीत एक काळा दगड आहे. तिथला म्हातारा रखवालदार मला म्हणाला, "इथं उभी राहा आणि काहीतरी बोल." मला काय बोलावं सुचेना. मी माझं नाव घेतलं. सुलेखा. नुसतं नाव. आणि ते घुमटातून खाली आलं, पुन्हा, पुन्हा, सात-आठ वेळा. एवढ्या मोठ्या, एवढ्या सुंदर जागेनं माझं नाव घेतलं. मला वाटलं, एवढ्यात नको. अजून थोडे दिवस मला इथं राहू दे.

सोमवारी सही केली.

तुम्ही आठवत नव्हता असं नाही. तुझा फोटो पलंगाशी होता आणि मला रोज तुझ्या वेणीचा वास यायचा. तरी मी राहिले. तुझ्या तिसरीच्या वर्गात तू सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस की माझी आई एप्रिलमध्ये येणार. हे मला नंतर कळलं. ज्या एप्रिलमध्ये तू वाट पाहत होतीस त्या एप्रिलमध्ये मी नदीच्या पुलाच्या पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसले होते आणि सुखात होते. हेच ते. हे मी सव्वीस वर्षं लपवलं. पोटासाठी राहिले असते तर तुला तोंड दाखवायला मला एवढं जड गेलं नसतं.

तिथं क्रांतीची गडबड सुरू झाली नसती तर एकोणऐंशीत तरी आले असते का, हे मी स्वतःला विचारते. आले असते, असं उत्तर येतं. पण माझ्या उत्तरांवर माझा फार विश्वास नाही.

माईचा यात काही दोष नाही. सगळं मी एकटीनं ठरवलं.

खानुमनी हे सगळं ऐकलं आणि माझा हात हातात घेतला. मग विचारलं, "तू कोण?" मी म्हटलं, "नर्स." त्या म्हणाल्या, "खूब." छान.

आई

*

पार्सिपनी, २७ एप्रिल २००३

उपासना,

थोडंच लिहिते. परवीन खानुम आज लॉस एंजेलिसला गेल्या. बेहरूझची बहीण तिथं असते. तिथल्या एका होममध्ये स्वयंपाकापासून डॉक्टरपर्यंत सगळे फारशी बोलणारे आहेत. बेहरूझ सांगताना खाली बघत होता, जणू मला कामावरून काढतोय. मी म्हटलं, "अरे, हे तर फार चांगलं झालं." मनापासून म्हटलं.

व्हीलचेअर गाडीपाशी नेली तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. स्कार्फ नीट केला, आणि परक्या माणसाला करावा तसा अदबीनं सलाम केला. गाडी गेली.

घरी आले आणि काय करावं सुचेना, म्हणून हे लिहिलं. मागच्या पत्राचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. ते तुझ्याकडे असावं एवढंच वाटत होतं.

आई

*

प्लेनो, ११ मे २००३

आई,

मराठीत एवढं लिहायची सवय गेलीय, चुका असतील.

तुझी पाचही पत्रं मी वाचली. आलेल्या दिवशीच वाचली. सहा एप्रिलचं ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीत बसून. मग मीटिंग कॅन्सल केली.

खूप राग आला. अजून आहे. पुलावर पाण्यात पाय सोडून बसलेली तू माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीस. आणि खरं सांगू, त्या पेल्याचं वाचल्यापासून त्या पुलावरून तुला उठवावंसंही वाटत नाही. दोन्ही एकदम वाटतं. यार, आय डोन्ट नो.

पण एक गोष्ट तू लिहिली नाहीस. मी प्रत्येक पत्रात शोधली. 'माईचा दोष नाही, सगळं मी एकटीनं ठरवलं,' असं तू लिहिलंस. आई, मला माहीत आहे.

मी दहावीत होते. तू ड्यूटीवर होतीस आणि मी तुझ्याबद्दल काहीतरी वाईट बोलले. फार वाईट. माई भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, मला समोर बसवलं आणि म्हणाली, "तिला येऊ नको असं मी लिहिलं होतं." ७७च्या फेब्रुवारीत. मुलं आता माझ्याजवळ रुळली आहेत, तू आणखी दोन वर्षं थांब, असं तिनं तुला लिहिलं होतं. तिला मूल नव्हतं. तू आलीस की आम्ही तुझे होऊ, याची तिला भीती वाटली. हे सांगताना ती एवढी रडली, की मलाच तिला पाणी द्यावं लागलं. तिनं शपथ घातली, आईला सांगू नकोस की तुला कळलंय.

मग मी काय करणार होते? माईवर रागवता येईना. ती रोज माझी वेणी घालायची, परीक्षेला रात्री माझ्याबरोबर जागायची. तिच्या वाटचा रागही मी तुझ्यावरच ठेवला. तू तो घेतलास, कधी एक शब्द बोलली नाहीस. ती गेली त्या दिवशीसुद्धा नाही. "मग मी कोण" विचारलंस, पण तिचं पत्र काढलं नाहीस. आणि आता, ती नसताना, पाच पत्रं लिहून सगळं सांगितलंस तरी तिचं नाव वाचवलंस.

तू सुखात होतीस म्हणून राहिलीस हेही खरं असेल. माईनं नको म्हटलं हेही खरं. मला दोघींपैकी एक निवडायची नाहीये. थकले मी निवडून.

आता मैत्रीचं. नागपूरची तिकिटं आम्ही कॅन्सल केली. लहूशी दोन दिवस भांडण झालं, मग त्यानंच एअरलाइनला फोन केला. त्याच्या आईंना वाईट वाटलं, पण त्या दिवाळीत स्वतः येतील म्हणाल्या.

नेवार्क ते डॅलस, ७ जून, शनिवार. तिकीट प्रितमला पाठवलंय. मी घ्यायला येईन. विमानतळावर काय बोलेन माहीत नाही, कदाचित ट्रॅफिकबद्दल बोलेन. चालवून घे. एक खोली पुरे वगैरे लिहू नकोस, घर मोठं आहे. आणि खोलीत जाऊन बसायचं नाही. मला त्या गावाचं सगळं ऐकायचंय, महालाचं, बाजाराचं, तू सुखात होतीस तेही. ऐकताना मी चिडेन. तू सांगत राहा.

मैत्रीला तुझा फोटो दाखवला. तिचा पहिला प्रश्न, "हाऊ मेनी डेज?" मी म्हटलं, ते आजीलाच विचार.

उपासना